लेदर मिटले की आधी क्षारता मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते : ‘कोरल उघडत नाहीये.’ मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे ज्यांनी अशा टाक्या हौसेने मांडल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात मऊ प्रवाळांपासून म्हणजे सॉफ्ट कोरलपासून होते. टोडस्टूल लेदर, फिंगर लेदर (लेदर म्हणजे चामड्यासारख्या अंगाचे मऊ प्रवाळ), झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, आणि त्यांच्या जोडीने विकले जाणारे मशरूम व झोआ (गुच्छाने वाढणारे बटणासारखे पॉलिप) असे पाच-सहा तुकडे ‘सोपे आहेत, मरत नाहीत’ असे सांगून हातात दिले जातात. ते चिवट असतात हे खरेच. पण त्यांतला एखादा मिटून बसला की दुसऱ्याच दिवशी टाकीत बाटल्या रिकाम्या व्हायला लागतात : आयोडीन, अमिनो आम्ले, कसलेसे टॉनिक, शेवाळ मारण्याचे औषध. मूळ दुखण्यातून जे वाचले असते ते या उपचारांनी जाते. ते टाळता यावे म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे मिटलेले प्रत्येक लेदर आजारी नसते. टोडस्टूल लेदर अधूनमधून कात टाकते. त्याच्या टोपीवरचे केसांसारखे पॉलिप (प्रवाळाची इवली तोंडे) आत ओढले जातात, टोपी मेण फासल्यासारखी चकाकते, रंग मळकट होतो, वर धूळ आणि शेवाळाचा थर धरतो. चार-पाच दिवसांनी टोपीच्या कडेने एक पातळ पापुद्रा सुटतो आणि कांद्याच्या सालीसारखा पाण्यात फडफडू लागतो. तो निघून गेला की खालची त्वचा स्वच्छ दिसते आणि एकदोन दिवसांत पॉलिप पुन्हा बाहेर येतात. या सगळ्याला आठवडा लागतो, कधी दोन. या काळात पापुद्रा बोटाने सोलू नये. वेव्हमेकरचा (टाकीतले पाणी हलते ठेवणाऱ्या पंपाचा) प्रवाह थोडा त्याच्या अंगावरून जाईल असा वळवावा, किंवा ६० मिलीच्या मोठ्या सिरिंजने टाकीतलेच पाणी टोपीवर हलके मारावे. बाकी काही करू नये.

आजाराची लक्षणे वेगळी असतात. देठ मऊ पडून टोपी एका बाजूला कलंडते. देठावर किंवा टोपीवर काळा-तपकिरी डाग दिसतो, तो दिवसागणिक पसरतो आणि सिरिंजच्या झोताने त्याचे तुकडे सुटतात. प्रवाळ पाण्याबाहेर काढला तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. असे काही दिसले, किंवा तीन आठवडे उलटूनही पॉलिप बाहेर आले नाहीत, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

तो कुठून घ्यायचा, हे टाकीकडे नीट पाहिले तर निम्मे कळते. सगळेच प्रवाळ एकदम मिटले असतील तर दोष पाण्यात किंवा तापमानात आहे. एकच मिटला असेल तर त्याच्या जागेत, शेजाऱ्यात किंवा त्याला कुरतडणाऱ्या कुणात तरी आहे. वरच्या खडकावरचे फिकट आणि तळाशी असलेले टवटवीत, तर प्रकाश. नवीन तुकडा आणल्यापासून त्याच्याच बाजूचे आक्रसले, तर तो नवीन तुकडा. ही पाहणी सकाळी दिवे लागून दोनेक तास झाल्यावर करावी, कारण अंधारात आणि दिवे लागताना बरेचसे मऊ प्रवाळ तसेही मिटलेले असतात. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून मोबाइलने एक फोटो काढून ठेवला तर पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होते. आठवणीवर विसंबू नये.

आता क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण (सॅलिनिटी). शीर्षकात तिचे नाव आहे त्याला कारण आहे : उन्हाळ्यात सगळे प्रवाळ एकदम मिटण्यामागे पुष्कळदा तीच निघते. समुद्राची क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. टाकीतून पाणी उडते, मीठ उडत नाही. २०० लिटरच्या टाकीतून १० लिटर उडाले आणि भरले गेले नाही, तर ३५ ची क्षारता जवळपास ३७ होते. पंखा लावलेल्या टाकीला उन्हाळ्यात एवढे व्हायला दोन-तीन दिवसही पुरतात. त्यात कुणी ‘पाणी कमी झाले’ म्हणून खारे पाणी ओतले, तर मीठ साठतच जाते. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने घालावी आणि ती रोज घालावी. सम्पमध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या गाळणीच्या पेटीत, पाण्याच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करून ठेवली तरी काम भागते. जमल्यास पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा, फ्लोट असलेला ऑटो टॉप-अप बसवावा.

मोजण्याचे साधनही तपासून घ्यावे. प्लॅस्टिकच्या काटेवाल्या हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवला म्हणजे ३५ लाही बरोबर दाखवेल असे नाही. त्यासाठी घरच्या घरी द्रावण बनते : खायचे साधे मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओडीआयचे (आरओ आणि डीआय रेझिन या दोन्हींतून गाळलेले, क्षार काढलेले) पाणी ९६३.५ ग्रॅम. दोन्ही वजनकाट्यावर तोलून घ्यायचे, पूर्ण विरघळवायचे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचे. या द्रावणाचा थेंब काचेवर ठेवला की ३५ दिसले पाहिजेत. नसतील तर स्क्रूने तिथे आणावेत. हे पाणी टाकीत घालण्यासाठी नाही, फक्त जुळवणीसाठी. मोजल्यावर क्षारता ३८ निघाली तर घाबरून एका दिवसात खाली आणू नये. २०० लिटरच्या टाकीतून १६ लिटर खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध गोडे पाणी घातले की ती ३५ च्या जवळ येते, पण हे रोज चार-चार लिटर असे चार दिवसांत करावे. दिवसाला एका अंकापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. प्रवाळाच्या पेशी आजूबाजूच्या पाण्याप्रमाणे आपल्यातले क्षार जुळवत असतात, त्यांना तेवढा वेळ लागतोच.

पाणी ‘शुद्ध’ म्हणजे नक्की कोणते, इथे आपल्याकडे मोठी फसगत होते. स्वयंपाकघरातला आरओ प्यूरिफायर पिण्यासाठी बनवलेला असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) अॅडजस्टर असतो, तो थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. किंवा खनिजांचे कार्ट्रिज असते. अलीकडच्या अनेक यंत्रांत तांब्याचे कार्ट्रिज असते, जाहिरातीत त्याचा मोठा गौरव असतो. माणसाला त्या तांब्याने काही होत नाही, पण प्रवाळ, कोळंबी, शंख-गोगलगायी या सगळ्यांना तांबे विषारी, आणि ते खडकात व वाळूत शोषले जाऊन पुढे महिनोन्महिने सुटत राहते. टीडीएस मीटर पाण्यात बुडवून पाहावा. ५०-६० दिसत असेल तर ते पाणी टाकीसाठी नाही. कार्ट्रिजमधून तांबे मिसळत असेल तर मीटरचा आकडा कितीही कमी असो, ते पाणी वापरू नये. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडून शून्य आले पाहिजे, आणि मीटर १-२ दाखवू लागला की रेझिन बदलायचे. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत तर याला पर्यायच नाही. किनाऱ्यावरून किंवा खाडीतून कॅन भरून आणलेले पाणीही वापरू नये. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही बरीच खाली जाते.

पाणी बदलताना लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम सागरी मीठ लागते, म्हणजे २० लिटरच्या बादलीला पाऊण किलोच्या आत-बाहेर. आधी पाणी, मग मीठ, छोटा पंप सोडून रात्रभर ढवळणे, सकाळी क्षारता आणि तापमान टाकीशी जुळते का पाहणे. मिठावर पाणी ओतले तर तळाशी कॅल्शियमचा पांढरा चुरा बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. आठवड्याला १० ते १५ टक्के बदल पुरेसा. प्रवाळ मिटलाय म्हणून निम्मी टाकी एकदम बदलणे म्हणजे त्याला दुसरा धक्का.

उष्णतेचे गणितही घरात करता येते. २४ ते २७ अंश उत्तम, २८ चालते. ३० च्या वर काही दिवस गेले की प्रवाळाच्या ऊतीत राहून त्याला अन्न पुरवणारे झूझॅन्थेली शेवाळ बाहेर पडू लागते आणि प्रवाळ पांढुरका होतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून रात्री त्रास वाढतो. उपाय म्हणून लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात. एक लिटरची गोठलेली बाटली २०० लिटर पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने उतरवते. उलट एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाले तर तेवढ्याच पाण्यातून जवळपास तीन अंश उतरतील इतकी उष्णता निघून जाते. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे बाटल्यांपेक्षा किती तरी उपयोगी. काचेचे झाकण काढून जाळी बसवावी, मासे उडी मारतात. नागपूर-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याने दोन-तीन अंश सहज मिळतात. मुंबईच्या मे महिन्यातल्या आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फार मिळत नाहीत, तिथे एसी किंवा चिलर लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र सगळ्यांकडेच असावा. वीज तीन-चार तास गेली आणि पाणी हलायचे थांबले तर प्रवाळांच्या आधी मासे जातात.

क्षारता, तापमान आणि अमोनिया (विष्ठा व उरलेले अन्न कुजून पाण्यात येणारे विषारी द्रव्य) हे तिन्ही ठीक असतील तर पुढचे आकडे घ्यावेत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचे प्रमाण, क्षारतेपेक्षा वेगळे) ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. मऊ प्रवाळांना सांगाडा नसतो, ऊतीत फक्त चुन्याचे बारीक काटे असतात, त्यामुळे कडक प्रवाळांसारखा कॅल्शियमचा खप होत नाही. साप्ताहिक पाणीबदलच पुरतो. इथे आकडा किती यापेक्षा तो किती हलतो याला महत्त्व. सोमवारी ७, बुधवारी ११ अशी अल्कलिनिटी उड्या मारत असेल तर झेनिया दोन दिवसांत वितळून जाते.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दल बराच गैरसमज आहे. ‘शून्य आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि त्याच टाकीत लेदर सुरकुतलेले, मशरूम नाण्याएवढे झालेले असतात. या प्रवाळांना पाण्यात थोडे खत हवेच : नायट्रेट लिटरला ५ ते २० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. दोन्ही शून्यावर असतील तर फॉस्फेट शोषणारी मीडिया आधी बाहेर काढावी, स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारे यंत्र) रात्रीपुरताच चालवावा, माशांना दिवसातून एकदा जास्त खाऊ घालावे आणि दोन आठवडे थांबावे. शून्य टिकून राहिले तर काचेवर आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारी लाळेसारखी जाळी येते. ती डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांची, आणि ती घालवायला महिने लागतात.

मऊ प्रवाळ दिसायला गरीब, पण आपसांत ते रसायनांनी लढतात. सार्कोफायटन आणि सिन्युलॅरिया, म्हणजे आपले टोडस्टूल आणि फिंगर लेदर, पाण्यात टर्पीन जातीची विषारी द्रव्ये सोडतात. समुद्रात ती वाहून जातात. दोनशे लिटरच्या पेटीत ती साठतात आणि शेजारचे प्रवाळ मिटतात. मोजायला घरगुती कीट नाही, पण उपाय स्वस्त आहे : अॅक्टिव्हेटेड कार्बन. २०० लिटरला १०० ते १५० ग्रॅम, आधी आरओच्या पाण्यात काळा रंग जाईपर्यंत धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून, सम्पमध्ये जिथून पाणी जोरात जाते तिथे ठेवावा. तीन-चार आठवड्यांनी बदलावा. कोपऱ्यात पडलेल्या पिशवीचा काहीच फायदा होत नाही. दोन वेगळ्या जातींत हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवावे, आणि ग्रीन स्टार पॉलिप व झेनियाला वेगळा खडक द्यावा, नाहीतर वर्षभरात त्या सगळीकडे पसरतात.

घरातल्या हवेचाही विचार व्हावा. स्किमर आणि एअर पंप दिवसभर खोलीतली हवा पाण्यात ढकलत असतात. डासांची लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल यांतले पायरेथ्रॉइड जलचरांना फार घातक. दिवाळीआधीची रंगरंगोटी, फिनेल, रूम फ्रेशनर हेही त्याच यादीत. फवारणी करायचीच असेल तर स्किमर-एअर पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाकावी, दारे-खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा सुरू करावे, आणि पुढचे काही दिवस ताजा कार्बन ठेवावा. वेव्हमेकरच्या चुंबकाचे प्लॅस्टिक तडकून आत गंज धरला आहे का, हेही वर्षातून दोनदा बघावे.

प्रकाशात चूक होते ती घाईची. नवा एलईडी आणला की पूर्ण ताकदीवर लावला जातो. ४०-५० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवावा. आठ-नऊ तास पुरेत. लेदर देठ लांबवून वर झुकत असेल तर त्याला प्रकाश कमी पडतो. फिकट होऊन आक्रसत असेल तर जास्त होतो, त्याला खाली न्यावे, आणि नेल्यावर पुन्हा पुन्हा हलवू नये. मशरूमची जागा सावलीतच. प्रवाहाचा झोत कुणाच्याही अंगावर सरळ नको. पॉलिप शेतातल्या पिकासारखे डोलले पाहिजेत, एका बाजूला दाबले जाता कामा नयेत.

एकटा झोआचा गुच्छ बंद असेल तर रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसावे. झोआ खाणारी न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) त्याच्याच रंगाची होते, देठांच्या बेचक्यात दडते. बुडाशी तिची पांढरी चक्राकार अंडी सापडतात. ती चिमट्याने काढून आठवड्याने पुन्हा पाहावे, कारण राहिलेली अंडी फुटतात. केसाळ ब्रिसल वर्म मात्र बहुधा मेलेलेच खात असतो, त्याला दोष देऊ नये.

देठ सडू लागला तर कापावेच लागते. टाकीच्या पाण्याची वेगळी वाटी, नवे ब्लेड, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. सडलेल्या भागाच्या पलीकडे एक सेंटिमीटर निरोगी ऊती धरून कापायचे. काळे थोडे जरी राहिले तरी सड पुढे जाते. उरलेला निरोगी भाग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यायचा आणि वाटीतले पाणी फेकून द्यायचे, टाकीत ओतायचे नाही. लेदरला सुपरग्लू धरत नाही, चिकट स्रावामुळे सुटतो. तो निरोगी भाग खडकाच्या तुकड्यावर ठेवून वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा सैल बांधावा. दहा-पंधरा दिवसांत तो आपोआप धरतो. रबरबँड घट्ट बांधला तर तो ऊतीतून आरपार कापत जातो. या काळात ताजा कार्बन हवाच.

झोआ आणि विशेषतः त्यांचा जवळचा प्रकार पॅलिथोआ यांबाबत एक इशारा प्रत्येक घराला हवा. त्यांत पॅलिटॉक्सिन असू शकते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या अशाच एका प्राण्यातून वेगळे केलेले हे विष निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी. नको असलेले पॉलिप घालवायला खडक उकळणे, त्यावर कढत पाणी ओतणे, कोरड्या ब्रशने घासणे यातून त्याचे तुषार हवेत जातात आणि सगळे घर आजारी पडू शकते : तोंडात धातूची चव, ताप, खोकला, धाप, अंगदुखी. परदेशात अशी कुटुंबे रुग्णालयात दाखल झालेली आहेत. यावर उतारा नाही. असा त्रास झाला तर लगेच घराबाहेर पडावे आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगावा. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, लहान मुलांना तर घालू देऊच नये.

शेवटी दुकानदारांना दोन विनंत्या. लाल-केशरी, पारदर्शक देठाचा कार्नेशन कोरल, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया, नवशिक्यांना विकू नये. त्यात अन्न पुरवणारे झूझॅन्थेली शेवाळ नसते. तो फक्त पाण्यातल्या सूक्ष्म अन्नावर जगतो आणि घरच्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो, त्याला कोणतीही दुरुस्ती लागू पडत नाही. कडक प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन आणि ऑर्गन पाइप कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे. आपल्या किनाऱ्यावरून, मालवणहून असो की मुंबईच्या खडकांवरून, उचललेला तुकडा कुणी आणून दिला तर घेऊ नये. आणि प्रवाळाच्या पिशवीवर मार्करने दुकानातल्या टाकीची क्षारता, तापमान आणि तो तुकडा किती प्रकाशात ठेवला होता, एवढे लिहून द्यावे. घरी नेणाऱ्याला त्याची टाकी कुठे जुळवायची ते पहिल्याच संध्याकाळी कळेल.

आपले,
खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे काही वाचक, ठाणे